मर्जचं बटण कोणाच्या हाती? एका छोट्या लायब्ररीच्या प्रकल्प नोंदी

१३ जानेवारी २०२५

नोंदी ठेवायला सुरुवात करतोय, कारण पुढच्या तीन महिन्यांत या प्रकल्पात कोडपेक्षा माणसांचं काम जास्त आहे आणि तसलं काम गिटच्या (कोडमधले बदल नोंदवणाऱ्या साधनाच्या) इतिहासात उमटत नाही.

संदर्भासाठी: पायथन या प्रोग्रामिंग भाषेतली, सीएसव्ही (स्वल्पविरामाने रकाने वेगळे केलेला साधा तक्ता) वाचणारी छोटी ओपन सोर्स लायब्ररी, म्हणजे इतरांनी आपल्या प्रोग्राममध्ये वापरायचा खुला कोड. पायथनमध्ये सीएसव्ही मॉड्यूल मुळातच आहे, मग ही कशाला? मोडक्या फाइलींसाठी. एखाद्या ओळीत रकाने कमी-जास्त असले, अवतरणचिन्ह बंद करायचं राहिलं असलं, तर ही लायब्ररी फाइल टाकून देत नाही. चूक कुठल्या ओळीत आहे ते सांगते आणि पुढे वाचत राहते. एवढंच काम, पण त्यावर अवलंबून असलेले बरेच आहेत.

कागदावर मेंटेनर (प्रकल्प सांभाळणारे) दोघं. प्रत्यक्षात एक, म्हणजे मी. दुसऱ्याची नोकरी बदलली, मग घरचं वाढलं. बऱ्याच काळात त्याचा कमिट (कोडमधला नोंदवलेला बदल) नाही, पॅकेज प्रकाशित करायचे हक्क मात्र त्याच्या खात्यावर अजून आहेत.

करायचं काय: चौथी आवृत्ती काढायची. दुसरा मेंटेनर खऱ्या अर्थाने आणायचा. आणि कोण काय सांभाळतो हे लिहून काढायचं. पहिलं काम सगळ्यात सोपं.

१६ जानेवारी

आज फक्त ट्रायज, म्हणजे छाननी. उघडे इश्यू (वापरणाऱ्यांच्या तक्रारी आणि सूचना) वरपासून खालपर्यंत वाचले, लेबलं लावली.

'फाइल वाचता येत नाही' या एका वाक्याच्या इश्यूंचं काय करायचं हा जुना प्रश्न. नमुना फाइल नसेल तर काहीच करता येत नाही. आणि खरी फाइल मागावी तर त्यात लोकांची नावं, फोन नंबर असतात. ती सार्वजनिक इश्यूला जोडू नका हे आपणच बजावावं लागतं. इश्यूच्या साच्यात आता लिहिलंय: चूक दिसेल अशा तीन-चार बनावट ओळी द्या. ज्याला त्या ओळी बनवता येतात त्याला निम्म्या वेळा उत्तरही तिथेच सापडतं.

सीएसव्हीची खरी अडचण अशी की तिला सर्वमान्य नियमच नाही. आरएफसी ४१८० हे इंटरनेटच्या रीतींचं टिपण ऑक्टोबर २००५चं. तेही आधीपासून जे चालत होतं त्याचं वर्णन आहे, सक्तीचं मानक नव्हे. त्यामुळे 'फाइल चुकली की लायब्ररी?' हा वाद कुठल्याही पुस्तकात बघून मिटत नाही. तो मेंटेनरने मिटवायचा आणि एकदा मिटवला की पुढच्या प्रत्येक फाइलसाठी तोच निवाडा लागू ठेवायचा.

जुने इश्यू आपोआप बंद करणारा बॉट लावावा अशी सूचना आहे. नाही लावणार. बग खरा असेल तर वर्षभर कोणी बोललं नाही म्हणून तो खोटा होत नाही. यादी लहान दिसते एवढाच फायदा, आणि ज्याने मेहनतीने बग मांडला त्याला यंत्राकडून 'अजून हवंय का?' अशी विचारणा जाते. मीच वाचून, एक ओळ कारण लिहून बंद करीन. वेळ लागतो, लागू दे.

२१ जानेवारी

मोठा पीआर (बदल घ्या अशी विनंती, कोडसह) आलाय. रकाने कशाने वेगळे केलेत (स्वल्पविराम, अर्धविराम, टॅब की उभी रेघ) ते लायब्ररीने स्वतः ओळखावं. हजाराच्या वर ओळी. कोड स्वच्छ, टेस्ट भरपूर, दस्तऐवजही लिहिलेले. पाठवणाऱ्याने आधी इश्यू उघडून विचारलं नव्हतं, थेट काम करून आणलं.

दिवसभर वाचला. घेणार नाही.

कारण इथे नीट मांडून ठेवतो, उद्या परत कोणी विचारेल. अनेक देशांत दशांशासाठी स्वल्पविराम वापरतात, म्हणून तिथली स्प्रेडशीट रकाने वेगळे करायला अर्धविराम घालते. अशा फाइलीत '३,५' हा एक आकडा आहे. अंदाज चुकला तर तो दोन रकाने होतो: ३ आणि ५. एरर येत नाही, प्रोग्राम थांबत नाही, फक्त आकडे चुकतात आणि पुढे कुठल्यातरी बेरजेत जाऊन बसतात. ही लायब्ररी लोक वापरतात ती 'चूक असेल तर सांगेल' या भरवशावर. तिनेच अंदाज बांधायला लागायचं म्हणजे त्या भरवशाला सुरुंग.

दुसरं कारण जास्त व्यवहारी आहे आणि तेच लोकांना पटवायला अवघड. पीआर पाठवणाऱ्याचं काम मर्ज होताच (मुख्य कोडमध्ये मिसळताच) संपतं; मेंटेनरचं तिथून सुरू होतं. पुढची पाच वर्षं 'माझ्या फाइलीत चुकीचं ओळखलं' असा प्रत्येक इश्यू आमच्याकडे येणार. प्रत्येक दुरुस्तीने दुसऱ्या कोणाची फाइल बिघडणार, कारण अंदाजाला अचूक उत्तर नसतंच. कोड फुकट मिळाला, सांभाळणं गळ्यात पडलं.

लिहिलेलं उत्तर: काम उत्तम आहे, या लायब्ररीच्या स्वभावात बसत नाही, कारणं ही. वेगळं पॅकेज म्हणून काढा. त्यासाठी वाचकाला (फाइल वाचणाऱ्या कोडला) बाहेरून विभाजक सुचवता येईल अशी एक छोटी जोडजागा आम्ही चौथ्या आवृत्तीत देऊ. 'सध्या नको, नंतर बघू' असं लिहिलं नाही. ते लिहिणं सोपं असतं, पण माणूस वर्षभर आशेवर राहतो आणि पीआरचं भिजत घोंगडं होतं.

या बाबतीत एका टोकाला एसक्यूलाइट हा डेटाबेस आहे. कोड सगळ्यांना खुला, अगदी सार्वजनिक मालकीचा. पण बाहेरून आलेला कोड ते सहसा घेतच नाहीत. दुसऱ्या टोकाला लिनक्स कर्नल (लिनक्सचा गाभा), जिथे दर आवृत्तीत हजारो बदल येतात, पण त्याचे जनक लिनस टोरवाल्ड्स यांच्यापर्यंत पोचण्याआधी ते विभागवार मेंटेनरांच्या चाळणीतून गेलेले असतात. दोन्हीकडे 'नाही' कोण म्हणणार हे आधीच ठरलेलं आहे. आमच्याकडे ते कुठेच लिहिलेलं नाही, म्हणून प्रत्येक नकार वैयक्तिक वाटतो.

२२ जानेवारी

अपेक्षेप्रमाणे. पीआर पाठवणारा नाराज, त्याच्या बाजूने बरेच अंगठे. एकाने लिहिलं की मेंटेनर प्रकल्पाचा मालक नसतो. खरंय. परवाना एमआयटी नावाचा, कोड हवा तसा वापरू देणारा आहे; कोणीही फोर्क करून (वेगळी प्रत काढून) हवं ते करावं. त्याला हाच मुद्दा शांतपणे लिहिला आणि थांबलो. धागा कुलूपबंद केला नाही.

२९ जानेवारी

लहान पीआर, पण आठवड्यातलं सगळ्यात चांगलं काम. अवतरणचिन्हांच्या आत नवी ओळ असेल तर आमचा ओळ क्रमांक चुकत होता: चूक चौदाव्या ओळीत असताना नववी सांगायचो. नऊ ओळींचा बदल आणि तीन टेस्ट.

रिव्ह्यू करताना मी टेस्ट आधी वाचतो. जुन्या कोडवर त्या फेल होतात का हे चालवून पाहतो. आधीही पास आणि नंतरही पास अशी टेस्ट शोभेची असते, आणि अशा खूप येतात. मग बदल वाचायचा. मोकळ्या जागा, नावांची ठेवण, आयातींचा क्रम यावर मी शब्द खर्च करत नाही. ते फॉर्मॅटर (कोडची मांडणी नीट करणारं साधन) बघतो. माणसाने माणसाला फक्त माणसालाच दिसेल ते सांगावं: विंडोजच्या दोन चिन्हांच्या ओळअखेरीचं काय? फाइलीची शेवटची ओळ अर्धवट असेल तर?

दोन्हींची उत्तरं पाठवणाऱ्याने टेस्टच्या रूपातच दिली. मर्ज. लेखक म्हणून त्याचंच नाव राहील असं पाहिलं. गिटमध्ये लेखक आणि कमिट करणारा वेगळे नोंदवता येतात, ही सोय मेंटेनरांसाठीच आहे. दुसऱ्याचा बदल थोडा सुधारून स्वतःच्या नावावर टाकण्याची खोड काही प्रकल्पांत दिसते. नवा माणूस परत न येण्याचं ते एक खात्रीचं कारण.

यापुढे प्रत्येक कमिटवर 'साइन्ड-ऑफ-बाय' ओळ मागायची असं ठरवलं. लिनक्स कर्नलने ही पद्धत २००४ मध्ये आणली, कोडच्या मालकीवरून कोर्टकचेऱ्या सुरू होत्या तेव्हा. अर्थ इतकाच: हा कोड देण्याचा मला हक्क आहे. मालकी-हस्तांतराच्या करारापेक्षा बरं. सही करायला वकील लागत नाही.

५ फेब्रुवारी

'मेंटेनर्स' फाइल लिहायला घेतली. इतरांनी काय केलंय ते वाचलं.

कर्नलची फाइल सगळ्यात उपयोगी. प्रत्येक विभागासाठी माणूस, ईमेल-यादीचा पत्ता, कुठल्या फाइली, आणि स्थिती. स्थितीचे शब्द मला फार आवडले, कारण ते प्रामाणिक आहेत. 'सपोर्टेड' म्हणजे कोणाला तरी या कामाचा पगार मिळतो. 'मेंटेन्ड' म्हणजे कोणीतरी बघतं. 'ऑड फिक्सेस' म्हणजे माणूस आहे, पण त्याला जमेल तेव्हाच. 'ऑर्फन' म्हणजे वाली नाही, हवं असल्यास तुम्ही घ्या. डेबियन या लिनक्स वितरणातही पॅकेज अनाथ घोषित करण्याची आणि दत्तक घेण्याची रीतसर पद्धत आहे.

आमच्यासारख्या छोट्या प्रकल्पांत सगळं एक तर 'चालू' असतं नाही तर अचानक 'बंद'. मधली पायरी जाहीर करायला जागाच नसते. मेंटेनर जबाबदारी सोडत नाही, पूर्ण करतही नाही. वापरणारे वाट बघत बसतात. खरं तर कमांड लाइनचा भाग 'ऑड फिक्सेस' आहे, मुख्य वाचक 'मेंटेन्ड', आणि जुनं एक्सेल-नमुन्याचं रूपांतर सरळ 'ऑर्फन'. तसंच लिहिलं. लिहिताना हलकं वाटलं.

अपाची फाउंडेशन या ओपन सोर्स संस्थेच्या नियमांतलं एक घेतलं: कोडच्या बदलाला नकाराधिकार वापरायचा तर तांत्रिक कारण द्यावंच लागतं, नाही तर तो नकार धरत नाहीत. मतदान किमान ७२ तास उघडं ठेवण्याची त्यांची रीत दोन माणसांच्या प्रकल्पाला नाकापेक्षा मोती जड; पण त्यामागचा विचार, की जगाच्या दुसऱ्या टोकाला झोपलेल्यालाही बोलता यावं, तो घेतला. पायथनचं उदाहरणही डोळ्यांसमोर आहे. भाषेचे जनक गुइडो व्हान रोसम जुलै २०१८ मध्ये अंतिम निर्णयाच्या भूमिकेतून बाजूला झाले, तेही पेप ५७२ या भाषाबदलाच्या प्रस्तावावरच्या दमवणाऱ्या वादानंतर. कारभार पाच जणांच्या निवडून येणाऱ्या मंडळाकडे गेला. भाषा बंद पडली नाही. पण ती व्यवस्था ठरवायला त्यांना कित्येक महिने लागले, आणि ते सगळे जागेवर असताना.

१० फेब्रुवारी

सुरक्षेबद्दल दोन अहवाल, एकाच दिवशी.

पहिला लांबलचक, ठळक मथळ्यांचा, अत्यंत आत्मविश्वासाने लिहिलेला. आमच्या अमुक फंक्शनमध्ये मेमरी ओलांडली जाते म्हणे. ते फंक्शन आमच्याकडे नाही. कधी नव्हतं. यंत्राकडून लिहून घेतलेला मजकूर. कर्ल या इंटरनेटवरून डेटा आणण्याच्या साधनाचे डॅनियल स्टेनबर्ग या प्रकाराबद्दल जाहीरपणे बोलत आलेत. तिथे असे अहवाल कितीतरी जास्त येतात. वाईट भाग हा की सुरक्षेचा अहवाल न वाचता टाकता येत नाही. लिहायला मिनिट, खोटा ठरवायला संध्याकाळ.

दुसरा चार ओळींचा आणि खरा. आम्ही लिहिलेल्या फाइलीत एखादा रकाना '=' ने सुरू झाला, आणि ती फाइल स्प्रेडशीटमध्ये उघडली, तर तो मजकूर सूत्र म्हणून चालतो. '+', '-', '@' यांचंही तेच. हा प्रकार नवा नाही, पण आमच्या दस्तऐवजात त्याचा उल्लेख नव्हता. चूक लायब्ररीची की स्प्रेडशीटची? वाद घालता येईल. आपोआप अशा चिन्हांपुढे काहीतरी जोडावं तर प्रत्येक ऋण संख्या बिघडते. म्हणून: लिहिताना मागता येईल असा पर्याय द्यायचा, मुळात बंद ठेवायचा, आणि दस्तऐवजात तो शेवटच्या पानावर न दडवता लिहिण्याच्या पहिल्याच उदाहरणाखाली सांगायचा. कळवणाऱ्याला हेच उत्तर पाठवलं, त्याचं नाव चेंजलॉगमध्ये (आवृत्तीतल्या बदलांच्या नोंदीत) चालेल का तेही विचारलं.

सुरक्षेच्या खासगी अहवालांचा पत्ता आजवर एकट्या माझ्याकडे यायचा. मी प्रवासात असलो तर? दोघांकडे जायला हवा.

१८ फेब्रुवारी

दुसऱ्या मेंटेनरसाठी नाव माझ्या मनात आहे: आमच्या टेस्ट गेली दोन वर्षं सुधारत आलेली सहकारी. हक्क देण्याआधी एक्सझेडचं प्रकरण परत सविस्तर वाचलं.

थोडक्यात असं. एक्सझेड युटिल्स ही डेटा दाबण्याची साधनं जवळजवळ प्रत्येक लिनक्सवर असतात. सांभाळणारा मुख्यतः एकच. 'जिया टॅन' या नावाने कोणीतरी दीर्घकाळ चांगले पॅच (दुरुस्त्या) पाठवत राहिलं. त्याच सुमारास, २०२२ मध्ये, अनोळखी खात्यांवरून मेंटेनरवर दबाव येत होता: कामं अडलीत, दुसऱ्याला घ्या. दुसरा घेतला गेला. फेब्रुवारी-मार्च २०२४ मध्ये ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांत मागचं दार (लपवलेली चोरवाट) बसलं. २९ मार्च २०२४ रोजी आंद्रेस फ्रॉइंड या डेव्हलपरने ते उघड केलं; एसएसएच (दूरच्या संगणकात सुरक्षित प्रवेशाची सोय) लॉगिनला सुमारे अर्धा सेकंद जास्त का लागतो याचा छडा लावताना ते सापडलं. सुरक्षा-त्रुटींच्या यादीतला त्याचा क्रमांक: सीव्हीई-२०२४-३०९४.

यावरून बरेच जण 'अनोळखी माणसावर विश्वास ठेवू नका' एवढंच शिकले. हे शिकण्यासारखं नाही, कारण ओपन सोर्समध्ये सगळेच आधी अनोळखी असतात. मला महत्त्वाचे वाटतात ते तांत्रिक तपशील. मागचं दार चालू करणारी बिल्ड स्क्रिप्टमधली ओळ गिटमध्ये नव्हतीच. ती फक्त प्रकाशित केलेल्या पॅकेजच्या फाइलीत होती. आणि मुख्य मजकूर टेस्टसाठीच्या बायनरी फाइलींत लपवलेला होता, ज्या कोणी उघडून वाचत नाही. म्हणजे रिव्ह्यू कितीही कडक असता तरी रिव्ह्यूच्या वाटेवर ती गोष्ट पूर्ण आलीच नसती.

२०१८ चं इव्हेंट-स्ट्रीम या जावास्क्रिप्ट पॅकेजचं प्रकरण तर आणखी साधं. मूळ लेखकाला त्या पॅकेजमध्ये रस उरला नव्हता, कोणीतरी 'मी सांभाळतो' म्हणालं, त्याने प्रकाशनाचे हक्क दिले. नव्या माणसाने एक डिपेंडन्सी (सोबत लागणारं दुसरं पॅकेज) जोडली, तिच्यात बिटकॉइनच्या एका वॉलेटवर डोळा ठेवणारा कोड. मूळ लेखकाला दोष देणारे पुष्कळ होते. त्यांच्यातले किती जण ते पॅकेज सांभाळायला पुढे आले असते?

आमच्यासाठी ठरवलेलं:

प्रकाशन कोणाच्याही लॅपटॉपवरून होणार नाही. टॅग (आवृत्तीची खूण) लावला की सीआयमध्ये (आपोआप बांधणी आणि चाचणी करणाऱ्या यंत्रणेत) बांधणी, तिथूनच पॅकेज बाहेर. पायपीआयवर (पायथन पॅकेजांच्या भांडारावर) एप्रिल २०२३ पासून 'ट्रस्टेड पब्लिशिंग' आहे: कायमचं टोकन (गुप्त किल्ली) ठेवावं लागत नाही, सीआयला पंधरा मिनिटांपुरता परवाना मिळतो. जुनी सगळी टोकन आज रद्द केली.

टेस्टसाठी बायनरी फाइल नको. विचित्र एन्कोडिंगची (अक्षरं साठवण्याच्या पद्धतीची) फाइल हवी असेल तर ती बनवणारी स्क्रिप्ट द्या.

आणि हक्क तीन तुकड्यांत: इश्यू हाताळणं, मर्ज करणं, प्रकाशित करणं. आत्तापर्यंत हे एकच गाठोडं होतं, म्हणून कोणाला काही द्यायचं म्हटलं की सगळंच द्यावं लागायचं आणि म्हणूनच कोणालाच दिलं जायचं नाही. प्रकाशनाच्या पायरीवर टॅग लावणारा आणि मंजुरी देणारा वेगळे असतील. हे माझ्यावरही लागू.

१९ फेब्रुवारी

तिच्याशी बोललो. होकार लगेच दिला नाही, बरं वाटलं. तिचे प्रश्न माझ्या यादीपेक्षा चांगले निघाले.

आठवड्याला किती वेळ? ठरलेला नाही, पण सुरक्षेच्या अहवालाला तीन दिवसांत 'मिळाला' एवढं तरी उत्तर जायला हवं. तुझा आणि माझा मतभेद झाला तर? ज्या भागापुढे ज्याचं नाव, त्याचा शब्द शेवटचा. सार्वजनिक एपीआय (बाहेरचे प्रोग्राम वापरतात ती फंक्शनं) बदलत असेल तर दोघांची संमती. मी तुझ्या पीआरला नाही म्हटलं तर? मग नाही. मला सोडायचं असेल तेव्हा? फाइलीत स्थिती बदलायची आणि एक ओळ लिहायची, कारण द्यायची गरज नाही.

दोघांचा प्रकल्प असला की एक अडचण असते: स्वतःचा पीआर स्वतः मर्ज करायचा नाही असा नियम केला तर एक जण सुट्टीवर गेला की सगळं ठप्प. तोडगा तिने सुचवला. टेस्ट आणि दस्तऐवज सात दिवस उघडे ठेवून कोणी हरकत घेतली नाही तर स्वतः मर्ज करता येतील. वाचकाचा मुख्य कोड मात्र थांबेल, कितीही दिवस. थांबला तरी काही जळत नाही.

२६ फेब्रुवारी

जुन्या सहकाऱ्याला पत्र लिहिलं. दोन दिवसांत उत्तर, आपुलकीचं. हक्क काढायला स्वतःच म्हणाला, इतके दिवस विचारायला संकोचत होता. आम्ही दोघंही त्याच विषयावर गप्प होतो.

न वापरलेलं खातं हा सगळ्यात दुबळा दरवाजा. पायपीआयने १ जानेवारी २०२४ पासून सगळ्यांना दोन-टप्पी ओळख सक्तीची केली, त्यामुळे धोका कमी झालाय, गेला नाही. त्याचं नाव 'माजी मेंटेनर' म्हणून फाइलीत राहील. पहिल्या दोन वर्षांतला निम्म्याहून जास्त कोड त्याचा आहे.

४ मार्च

चौथ्या आवृत्तीत काय तुटणार याची यादी. मुख्य: जुनं वाचन-फंक्शन जाणार, त्याच्याविषयीचा इशारा गेल्या वर्षभरापासून दिला जातोय. पायथन ३.८ चा आधारही सुटणार. त्याची मुदत ऑक्टोबर २०२४ मध्ये संपली.

'वर्षभर इशारा दिला' असं आपण म्हणतो, पण तो दिसला कोणाला? पायथनचा डेप्रिकेशनवॉर्निंग ('हे जुनं झालं, जाणार आहे' हा इशारा) मुळातच लपलेला असतो. थेट चालवलेल्या मुख्य स्क्रिप्टमधूनच जुनं फंक्शन बोलावलं असेल तर दिसतो, नाही तर टेस्ट चालवताना. आमची लायब्ररी बहुतेक ठिकाणी दुसऱ्या लायब्ररीच्या पोटात आहे. त्या वापरणाऱ्यांना तो इशारा कधी दिसलाच नसणार, आणि आवृत्ती निघाली की ते 'अचानक तोडलंत' म्हणतील. त्यांचं खोटं नाही. म्हणून आमच्या लायब्ररीची मधली एक आवृत्ती, ३.९, काढायची ज्यात तोच इशारा फ्यूचरवॉर्निंग म्हणून येईल. तो सगळ्यांना दिसतो. लोक वैतागतील, पण वैताग आता आलेला बरा, रात्री दोन वाजता सर्व्हरवर नको.

कर्नलचा नियम कडक आहे: वापरणाऱ्याचा चालता प्रोग्राम बदलामुळे मोडला तर चूक कर्नलची, प्रोग्राम कितीही विचित्र लिहिलेला असो. छोट्या प्रकल्पाला तो संपूर्ण पाळता येत नाही, कारण जुनं कायम सांभाळायला माणसं लागतात. तरी तोडण्याची किंमत कोण भरतं हे लक्षात ठेवायला तो उपयोगी.

११ मार्च

नव्या मेंटेनरने, म्हणजे तिने, पहिला पीआर मर्ज केला. खराब एन्कोडिंगच्या अक्षरांचं काय करायचं हे सांगणारा एक जादा पॅरामीटर. मी घेतला नसता. पर्याय वाढत जातात आणि प्रत्येक पर्याय दुसऱ्याशी गुणला जातो. पण तो भाग तिच्या नावावर आहे, कारणं तिने नीट लिहिलीत, टेस्ट माझ्या सवयीपेक्षा कडक आहेत. काही लिहिलं नाही.

एक निरीक्षण: ती नव्या माणसांना उत्तर देताना आधी काय बरोबर आहे ते लिहिते. मी थेट दुरुस्तीवर येतो. तिच्या धाग्यांवर दुसरा पॅच येतो, माझ्या धाग्यांवर बऱ्याचदा शांतता.

१४ मार्च

एका कंपनीकडून पत्र. पुरवठादार म्हणून अमुक तारखेच्या आत सुरक्षेची प्रश्नावली भरून द्या, नाही तर 'पुढील कारवाई'. आम्ही पुरवठादार नाही. कंपनीने आमच्याशी करार केलेला नाही, पैसे दिलेले नाहीत, आजवर एक इश्यूही उघडलेला नाही. एमआयटी परवान्यात स्पष्ट आहे: आहे तसं, कुठल्याही हमीविना.

अशा पत्रांमागे आता खरा कायदाही आहे, म्हणून ती वाढणार. युरोपीय संघाचा सायबर रेझिलियन्स कायदा १० डिसेंबर २०२४ पासून अमलात आला, मुख्य बंधनं ११ डिसेंबर २०२७ पासून लागू होतील. पण त्यात जबाबदारी आहे ती उत्पादन बाजारात आणणाऱ्यावर. नफ्याचा व्यवहार न करता फावल्या वेळात कोड देणाऱ्यावर नाही. म्हणजे ती प्रश्नावली त्या कंपनीनेच स्वतःला विचारायची आहे.

सभ्य साच्यातलं उत्तर बनवून ठेवलं: परवाना हा, सुरक्षेचं धोरण इथे, प्रकाशन असं होतं, याहून जास्त हवं असेल तर एखाद्या इंजिनिअरचा वेळ द्या किंवा सशुल्क करार करा. रागाने लिहायची इच्छा झाली होती. हार्टब्लीड या सुरक्षा-त्रुटीच्या वेळची गोष्ट आठवते: २०१४ मध्ये कळलं की इंटरनेटचा मोठा भाग ज्यावर उभा आहे त्या ओपनएसएसएल या सुरक्षित जोडणीच्या लायब्ररीला वर्षाकाठी देणग्या मिळत होत्या सुमारे २,००० डॉलर. त्यानंतर मोठ्या कंपन्यांनी निधी उभारला. दरवेळी घर पेटल्यावरच विहीर खणायला लागतात.

२० मार्च

३.९ गेल्या आठवड्यात गेली. आज ४.० ची पूर्व-आवृत्ती. आम्हाला माहीत असलेल्या, आमच्यावर अवलंबून असणाऱ्या पॅकेजांच्या टेस्ट आमच्या नव्या कोडवर चालवल्या. एकात फेल: यूटीएफ-८ एन्कोडिंगच्या फाइलीच्या सुरुवातीची न दिसणारी खूण पहिल्या रकान्याच्या नावाला चिकटत होती. नाव डोळ्यांना 'आयडी' दिसतं, जुळवायला गेलं की जुळत नाही. जुन्या फंक्शनमध्ये ती खूण कुठेतरी आडवाटेने काढली जायची, नव्यात ती वाटच राहिली नव्हती. दुरुस्ती छोटी, टेस्टसह.

आमच्या स्वतःच्या टेस्ट सगळ्या हिरव्या होत्या. बाहेरच्यांच्या टेस्ट चालवणं यापुढे प्रकाशनाची पायरीच.

२७ मार्च

४.० निघाली. टॅग तिने लावला, मंजुरी मी दिली. उलटं का नाही, तर ती वाट पहिल्यांदा तिने एकटीने चालून पाहावी म्हणून. दस्तऐवजात दोन पायऱ्या लिहायच्या राहिल्यात ते तिला लगेच दिसलं. माझ्या हातांना त्या पाठ होत्या.

चेंजलॉग हाताने लिहिलाय. कमिटच्या मथळ्यांची यंत्राने काढलेली यादी वाचणाऱ्याला काहीच सांगत नाही. सगळ्यात वर 'काय मोडेल', प्रत्येकाखाली जुना आणि नवा नमुना. नवीन गोष्टी शेवटी. दोन दिवस दुसरं काही मर्ज करायचं नाही, काही बिघडलंच तर शोधायची जागा लहान राहावी म्हणून.

३ एप्रिल

पहिला आठवडा. जुन्या फंक्शनबद्दल तक्रारी आल्या, पण फ्यूचरवॉर्निंग पाहिल्याचं बऱ्याच जणांनी स्वतःहून लिहिलं. ४.०.१ मध्ये विंडोजवरची एक दुरुस्ती.

विभाजक ओळखणाऱ्या पीआरचा लेखक परत आला. आम्ही दिलेली जोडजागा वापरून वेगळं पॅकेज काढलंय, आमच्या दस्तऐवजात दुवा मागतोय. तिने दिला, 'हे पॅकेज स्वतंत्रपणे सांभाळलं जातं' या ओळीसह. त्याला आता आणखी एक जोडजागा हवी आहे: अंदाजाची खात्री किती टक्के, ते चुकांच्या अहवालात दिसावं. मी साशंक आहे, ती अनुकूल. सार्वजनिक एपीआय असल्याने दोघांची संमती लागते. माझी हरकत कारणासह लिहून ठेवली, तिचं उत्तर यायचंय.

बाकी: 'ऑर्फन' लिहिलेल्या एक्सेल भागासाठी एकाने विचारणा केलीय. त्याला फक्त इश्यू हाताळायचे हक्क दिले. मर्जचं सहा महिन्यांनी बघू, असं त्याला आणि फाइलीत दोन्हीकडे लिहिलं.